पंक्तिप्रपंचाचे नवे शास्त्र

शनिवारी सायंकाळी कात्रजच्या बोगद्यातून दक्षिणेकडे बाहेर पडणाऱ्या मोटारींची रांग पाहिली, म्हणजे पुणे शहराला जेवावयास आपली वेस अपुरी पडू लागली आहे, असे कोणालाही वाटावे. कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेर, बालेवाडी येथील उंची उपाहारगृहांत जागा मिळेनाशी झाली, की ही खवय्येगिरी महामार्गाने खेड-शिवापूर, शिवरे, वरवे, नसरापूरपर्यंत पसरत जाते. भोर तालुक्यातील शिवरे हे शिवगंगेच्या खोऱ्यातले गाव. पुणे-सातारा महामार्ग त्याच्या अंगावरून जातो. ज्या रानात भात पिकत असे, त्या रानाच्या कडेला आज रोषणाई, हिरवळ आणि मोटारतळ आहेत. हा देखावा म्हणजे समृद्धी, असे वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या सांगतात. राज्यकर्ते त्याला विकास म्हणतात. आणि खेदाची गोष्ट अशी, की स्वतःला पुरोगामी म्हणविणाऱ्या मंडळींतही अलीकडे याविषयी एक सोयीचे मौन पाळले जाते. कोणी कोठे जेवावे हा खाजगी प्रश्न आहे, त्यात राजकारण कशाला, असे विचारले जाते.

हा प्रश्न खाजगी आहे काय, याचीच प्रथम तपासणी केली पाहिजे. कारण महाराष्ट्रात जेवणाचा प्रश्न कधीच खाजगी नव्हता. कोणी कोणाच्या हातचे खावे, कोणी कोणाच्या शेजारी बसावे, वाढपात कोणाच्या पानात तूप पडावे आणि कोणाच्या पानात ताक, यावर या समाजाची सारी उतरंड उभी होती. एकाच पंगतीत माणूस पाहून वेगवेगळे वाढण्याला मराठीत 'पंक्तिप्रपंच' असा स्वतंत्र शब्द आहे आणि तो दोषवाचक आहे. ज्या समाजाने असंख्य पंक्तिप्रपंच केले, त्यानेच त्याला निंद्यही ठरविले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी हा प्रश्न खाजगी मानला नाही. पाण्याला स्पर्श केला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढावयास साहाय्य केले आणि भर रस्त्यात गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा स्वतः घेतला, बरोबरच्यांनाही घ्यावयास लावला. एका कप चहाने जे साधले, ते दहा ठरावांनी साधले नसते. पुढे १९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेने पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात स्पष्ट लिहिले, की धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची ठिकाणे येथे प्रवेशास मज्जाव करता येणार नाही. उपाहारगृहाचा उल्लेख राज्यघटनेच्या मूलभूत हक्कांत आहे, ही बाब 'खाजगी' म्हणून झटकून टाकणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. घटनाकारांना ठाऊक होते, की मनुष्यांची समता मतपेटीइतकीच जेवणाच्या मेजावरही सिद्ध व्हावी लागते.

आज त्या दारावर जातीचा पहारेकरी उघडपणे उभा नाही. त्याच्या जागी दरपत्रक आहे. पूर्वीचा पहारेकरी जात विचारीत असे, हा उत्पन्न विचारतो. आणि या देशात जात व उत्पन्न यांचे नाते काय आहे, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको. पूर्वी बाहेर ठेवलेल्याला निदान अन्याय झाल्याचे ठाऊक असे. आजच्या व्यवस्थेत तो आपल्याच गरिबीबद्दल ओशाळून बाजूला होतो. पंक्तिप्रपंचाचे हे नवे शास्त्र जुन्यापेक्षा सभ्य दिसते, म्हणूनच ते अधिक बारकाईने तपासले पाहिजे.

प्रथम आकडे पाहू. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीनुसार शहरी भारतातील तळाच्या ५ टक्के लोकांचा दरडोई खर्च महिन्याला २,३७६ रुपये आणि ग्रामीण भागातील तळाच्या ५ टक्क्यांचा १,६७७ रुपये होता. यात अन्न, वस्त्र, औषध, प्रवास, मुलांचे शिक्षण, सारे आले. दरडोई तीन हजार रुपयांचे जेवण पुण्या-मुंबईत आता नवलाईचे राहिलेले नाही. म्हणजे एका मेजावरील एका माणसाचे एका रात्रीचे जेवण हे तळाच्या नागरिकाच्या संपूर्ण महिन्याच्या जगण्याहून महाग आहे. १९६३ साली लोकसभेत डॉ. राममनोहर लोहियांनी २७ कोटी भारतीय दिवसाला तीन आण्यांवर जगतात असे सांगून सरकारला घाम फोडला होता. सरकारपक्षाचा आकडा पंधरा आण्यांचा होता. वाद आण्यांचा वाटला तरी मुद्दा विषमतेचा होता, आणि लोहियांनी त्या तीन आण्यांशेजारी पंतप्रधानांवर रोज होणारा खर्च मांडला, म्हणूनच तो सभागृहाला झोंबला. आकडे एकएकटे असतात तोवर निरुपद्रवी असतात. शेजारी शेजारी ठेवले, की बोलू लागतात.

पुण्याच्याच गोखले संस्थेत प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी तरी मिळाव्यात, हा त्यांचा मापदंड. १९६०-६१ साली ग्रामीण लोकसंख्येपैकी ४० टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी ५० टक्के लोकांना तेवढेही परवडत नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेव्हापासून परिस्थिती सुधारली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि ३६ टक्के मुले वजनाने कमी आढळली. १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. देशातील ८१ कोटी लोकांना दरमहा पाच किलो धान्य फुकट द्यावे लागते, हे सरकार स्वतःच अभिमानाने सांगते. ज्या देशात ही स्थिती आहे, तेथे उंची जेवणाला समृद्धीचे लक्षण मानणे म्हणजे तापाने लाल झालेल्या गालांना आरोग्याची लाली समजणे होय.

मेजवानीवरची करसवलत

यावर 'ज्याचा पैसा त्याची मर्जी' असे उत्तर मिळते. पैसा खरोखरच त्याचा आहे काय, हे पाहण्यासाठी करांचा हिशेब मांडावा लागेल. तो कंटाळवाणा वाटेल. पण धनिकांचे संरक्षण नेहमी कंटाळवाण्या कलमांतच दडलेले असते.

नोव्हेंबर २०१७ पासून उपाहारगृहांवर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. ज्या हॉटेलातील खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक आहे, तेथील उपाहारगृहावर तो १८ टक्के आहे. याचा अर्थ असा, की कराचा दर जेवणाच्या किमतीवर ठरत नाही. वरच्या मजल्यावर किती भाड्याची खोली आहे, यावर ठरतो. वर खोल्याच नसलेल्या स्वतंत्र उपाहारगृहात चौघांनी १२,००० रुपयांचे जेवण घेतले, तर त्यावर कर ५ टक्के. आणि करनोंदणी केलेल्या साध्या खानावळीत हमालाने १५० रुपयांची थाळी घेतली, तर तिच्यावरही कर ५ टक्केच. या दरात मालकाला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, असा खुलासा केला जाईल. तो खरा आहे; परंतु ती अट खानावळवाल्यालाही तितकीच लागू आहे. श्रीमंताच्या आणि श्रमिकाच्या ताटावर एकच दर लावणे, याला समता म्हणत नाहीत. कुऱ्हाड आणि सुई यांना एकाच तागडीत एकाच मापाने तोलण्याचा तो प्रकार आहे.

हे टाळता येण्यासारखे नव्हते काय? निकोलस काल्डोर यांच्या सल्ल्यावरून १९५७ साली या देशात खर्चावरील कराचा कायदा झाला होता. उत्पन्न लपविता येते, उधळपट्टी लपविता येत नाही, हे त्यामागील साधे तत्त्व. तो कर १९६२ साली उठला, १९६४ साली परत आला आणि १९६६ साली पुन्हा उठला. १९८७ साली महागड्या हॉटेलांतील खर्चावर कर बसविणारा नवा कायदा आला. ऑक्टोबर १९९१ पासून वातानुकूलित उपाहारगृहांतील खर्चावर १५ टक्के कर लावण्यात आला. परंतु जून १९९२ पासून तो उपाहारगृहांपुरता रद्द झाला. आठ महिने हे त्याचे आयुष्य. ज्या काळात खतांची अनुदाने ओझे ठरविली जात होती, त्याच काळात वातानुकूलित जेवणावरचा कर मात्र जाचक ठरला. नव्या आर्थिक धोरणाचा स्वभाव ओळखण्यास ही एवढी तारीख पुरेशी आहे.

याहून गंभीर बाब पुढेच आहे. महानगरांतील उंची उपाहारगृहांतील गिऱ्हाइकांत कंपनीच्या खर्चाने जेवणाऱ्यांचा भरणा मोठा असतो. हे जेवण 'व्यवसायासाठी केलेला खर्च' म्हणून कंपनीच्या हिशेबात दाखविले जाते आणि आयकर आकारण्यापूर्वी नफ्यातून वजा होते. सवलतीच्या दराने कर भरणाऱ्या कंपनीवरील आयकर अधिभारासह सुमारे २५ टक्के आहे. म्हणजे कंपनीने १२,००० रुपयांची मेजवानी दिली, की तिचा कर सुमारे ३,००० रुपयांनी कमी होतो. हे ३,००० रुपये कोणाचे? ते सार्वजनिक तिजोरीत यावयाचे होते, ते आले नाहीत. म्हणजे त्या मेजवानीचा चौथा हिस्सा जनतेने भरला. २००५ साली अशा खर्चावर लाभकर बसविण्यात आला होता. २००९ साली तोही रद्द झाला.

आता या ३,००० रुपयांशेजारी दुसरा आकडा ठेवू. शालेय पोषण आहारात प्राथमिक शाळेतील मुलामागे भाजी, डाळ, तेल, मसाला व इंधन यांसाठी मे २०२५ पासून दिवसाला ६ रुपये ७८ पैसे ठरविले आहेत. धान्य वेगळे मिळते. मेजवानीत माफ झालेल्या तीन हजारांत ४४२ मुलांचा एका दिवसाचा हा खर्च निघतो. अन्न शिजविणाऱ्या बाईला केंद्राच्या निकषाप्रमाणे मिळणारे मानधन २००९ सालापासून महिना १,००० रुपये आहे. राज्ये त्यात आपली भर घालतात, एवढेच. भोर-वेल्ह्यातील डोंगरवाड्यांच्या शाळेत चुलीशी बसलेल्या बाईचे मानधन वाढवावयाचे म्हटले, की तिजोरीत खडखडाट असतो. कंपनीच्या मेजवानीचा चौथा हिस्सा सोडून देताना मात्र तीच तिजोरी उदार होते. राज्य सरकारने २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू केली. शहरी भागात थाळीमागे ४० रुपये आणि ग्रामीण भागात २५ रुपये अनुदान द्यावयाचे ठरले. २०२५ साली केंद्रचालकांची बिले महिनोन्महिने थकल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या. पाच चपात्यांना महाग झालेल्या सरकारला पाचतारांकित मेजवानीची वजावट कधी थकविता आलेली नाही.

रोजगाराचा युक्तिवाद

दुसरा युक्तिवाद रोजगाराचा. श्रीमंत जेवतो म्हणून वाढपी जगतो, असे सांगितले जाते. हा युक्तिवाद नवा नाही. जमीनदाराच्या वाड्यावरही पुष्कळांना काम मिळत असे. म्हणून जमीनदारी टिकवावी असे समाजवाद्यांनी कधी म्हटले नाही. प्रश्न काम मिळते की नाही एवढाच नसतो. ते कोणत्या अटींवर मिळते, हाही असतो.

या धंद्यात कामगार सकाळी भाजी निवडण्यास लागतो आणि मध्यरात्रीनंतर फरशी पुसून झोपतो. पुष्कळदा झोपतोही तेथेच. तो बंगाल, ओडिशा, उत्तराखंड किंवा नेपाळमधून आलेला असतो. भाषा परकी, नेमणुकीचे पत्र नाही, संघटना नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा कामाबरोबर त्याचा निवाराही गेला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहांपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीतून मोकळे केले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीस कामगारांपर्यंत नेण्यास आणि दिवसाचे कामाचे तास नवावरून दहा करण्यास मंजुरी दिली. महामार्गावरील कितीतरी हॉटेले यामुळे एका फटक्यात नोंदणीच्या जाळ्यातून सुटतात. ज्याची नोंदणी नाही त्याची तपासणी नाही, आणि ज्याची तपासणी नाही तेथे किमान वेतन हा भिंतीवरचा सुविचार ठरतो.

मालकवर्गाची खरी नियत सेवाशुल्काच्या वादात उघडी पडली. बिलात परस्पर सेवाशुल्क जोडू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढली. उपाहारगृहांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने ही तत्त्वे उचलून धरली आणि सक्तीचे सेवाशुल्क बेकायदा ठरविले. संघटनांचे म्हणणे असे होते, की हे पैसे कामगारांना मिळतात. हा कळवळा खरा मानला, तर एक साधा प्रश्न उरतो: कामगाराला द्यावयाचेच आहे, तर ते वेतनपत्रकात का लिहीत नाही? उत्तर उघड आहे. वेतनात लिहिले, की त्यावर भविष्यनिर्वाह निधी, बोनस, उपदान यांचा हिशेब लागतो. बक्षिसी म्हणून दिले, की काहीच लागत नाही. शिवाय बक्षिसीवर जगणारा माणूस हक्क मागत नाही, तो कृपा मागतो. वाकून नमस्कार करण्याची जी तालीम त्याला दिली जाते, तिचे अर्थशास्त्र हे असे आहे. ग्राहक आणि कामगार यांना एकमेकांविरुद्ध उभे करून मालक मध्ये सुरक्षित राहतो.

आणि संकट आले, म्हणजे त्याची किंमत कोण देतो? मुंबईच्या गिरणगावात १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो मोडला, गिरण्या बंद पडल्या आणि पुढे त्या आवारांत मद्यगृहे व उपाहारगृहे थाटली गेली. कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या अशाच उपाहारगृहांना २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागून १४ जणांचा बळी गेला. त्यातून काही शिकलो असतो, तर ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री गोव्यातील हडफडे येथे घडले ते घडते ना. तेथील रात्रक्लबाच्या आगीत २५ माणसे मेली आणि त्यांतील बहुसंख्य तेथे राबणारे कामगार होते. कमाईसाठी शेकडो कोस दूर आलेली ही माणसे ज्या जागी राबली, तेथेच संपली. रोजगाराचे गुणगान करणाऱ्यांनी या मृतांची यादी एकदा वाचावी.

शिवरे काय देते, शिवऱ्याला काय मिळते

तिसरा युक्तिवाद शेतकऱ्याचा. हॉटेले वाढली म्हणजे शेतमालाला गिऱ्हाईक मिळते, असे म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील एका अभ्यासनिबंधानुसार ग्राहक टोमॅटोवर जो रुपया खर्च करतो त्यातील सुमारे ३३ पैसे, कांद्याच्या रुपयातील ३६ पैसे आणि बटाट्याच्या रुपयातील ३७ पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात. हा हिशेब मंडईतून घरी नेलेल्या भाजीचा आहे. तीच भाजी उंची उपाहारगृहाच्या बशीत जाऊन बसली, की किमतीत भाजीचा वाटा नाममात्र उरतो. उरलेले सारे भाडे, सजावट, व्याज आणि नफा. शेतकऱ्याला टोमॅटोचा भाव तोच मिळतो. बशी महाग झाली म्हणून वाफा महाग होत नाही.

शिवरे आणि त्याच्या अवतीभवतीचा भोर-वेल्ह्याचा मुलूख या शहराला काय काय देतो, याची मोजदाद एकदा झाली पाहिजे. पुण्याच्या नळाला येणाऱ्या पाण्याची पानशेत आणि वरसगाव ही दोन धरणे पूर्वीच्या वेल्हे तालुक्यात आहेत. त्यांच्याखाली गावे गेली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्याने जे भोगले त्याची आठवण दरसाल निघते, धरणापायी उठलेल्या गावांची आठवण मात्र निघत नाही. भोर तालुक्यातील भाटघरचे पाणी कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे जाते. डोंगरातील वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते आणि त्याच डोंगरांत अडविलेले पाणी शहरातील मेजावर गिऱ्हाईक बसताक्षणी पेल्यात ओतले जाते. पाणी येथले, तांदूळ येथला, राबणारे हातही पुष्कळदा येथले. आता महामार्गाच्या कडेची जमीनही चालली. पुण्याभोवतीचा नियोजित वर्तुळाकार महामार्ग वरवे परिसरात येऊन मिळणार आहे. त्याच्या नुसत्या रेषेने या पट्ट्यातील जमिनीचे भाव बदलले. एकदा सातबारावरून नाव उतरले, की बापाने ज्या बांधावर भात लावला, त्याच बांधावर मुलगा गणवेश घालून मोटारींना जागा दाखवीत उभा राहतो. याला काही जण स्थानिक रोजगार म्हणतात. मालकाचा चाकर होण्याला दुसरे नाव देण्याची कला मराठीत अलीकडे फार विकसित झाली आहे.

वैराग्याचा आरोप

येथे विरोधक हमखास एक आरोप करतात. समाजवाद्यांना दुसऱ्याचे सुख पाहवत नाही, त्यांना सगळ्यांनाच कोरड्या भाकरीवर बसवावयाचे आहे, असा तो आरोप. हे धादांत खोटे आहे. चांगले जेवण ही संस्कृतीची मोठी कमाई आहे, आणि घराबाहेर जेवता येणे हे स्वातंत्र्यही आहे, विशेषतः दिवसभर राबून पुन्हा चुलीपुढे बसावे लागणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने. इराण्याच्या हॉटेलात पावाची लादी आणि चहा यांवर तासभर वाद घालता येत असे, आणि मालक कोणाची जात वा पगार विचारीत नसे. उडप्याच्या हॉटेलाने कारकुनाला स्वस्तात स्वच्छ जेवण दिले. गिरणगावातील खाणावळवाल्या बायांनी हजारो सड्या कामगारांना पोसले. त्याच बायांना संघटित करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली. ना नफा ना तोटा या तत्त्वावर हमालाला पोटभर, ताजे आणि सन्मानाने मिळणारे जेवण, आणि ते शिजविणाऱ्यांना नियमित वेतन. तेथे कोणी कोणापुढे वाकत नाही. ज्याला समाजवाद पुस्तकात सापडत नसेल, त्याने तो तेथे भाकरीसोबत पाहावा.

तेव्हा वाद रुचीशी नाही. सार्वजनिक पैशाने, स्वस्त श्रमाने आणि हिरावलेल्या पाण्याने पोसलेल्या चैनीशी तो आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा लोकांनी ते पाळले आणि हॉटेलांनीही सोमवारी रात्री चुली विझविल्या. ते एका बिकट वर्षातले व्रत होते. व्रतांनी अर्थव्यवस्था चालत नाही. तिला कायदे लागतात आणि कायद्यांना संघटित लोक लागतात.

या ठिकाणी परखडपणे एक गोष्ट स्वपक्षालाही सांगावयास हवी. पंचतारांकित संस्कृतीवर टीका करणारे राजकारण स्वतः तिच्या दिवाणखान्यात शिरले आहे. जून २०२२ मध्ये महाराष्ट्राचे आमदार सुरत आणि तेथून गुवाहाटीच्या हॉटेलात नेऊन ठेवले गेले आणि राज्याचे सरकार तेथील मेजांवर बदलले, हे साऱ्या देशाने पाहिले. त्या प्रकारावर ताशेरे ओढणे सोपे आहे. परंतु पत्रकार परिषदेसाठी वातानुकूलित सभागृह, शिबिरासाठी महामार्गावरचे रिसॉर्ट आणि कार्यकर्त्याच्या मुलाच्या लग्नात शंभर पदार्थांची मांडणी हे लोण डाव्या-समाजवादी वर्तुळांतही पोहोचले आहे. ज्या कार्यकर्त्याने आदल्या रात्री कंत्राटदाराच्या पैशाने जेवण घेतले, त्याचा आवाज दुसऱ्या दिवशी कामगार आयुक्तांच्या दारात चढत नाही. मीठ खाल्ल्याचे ऋण मराठी माणूस मानतो. म्हणूनच मीठ कोणाचे खावे, याचा विवेक राजकीय कार्यकर्त्याने सोडता कामा नये.

मागण्या कोणत्या असाव्यात, हे आतापर्यंतच्या विवेचनावरून उघड आहे. उपाहारगृहावरील कर खोलीच्या भाड्यावर न ठरविता जेवणाच्या दरडोई किमतीवर ठरवावा. साध्या थाळीवर तो शून्य असावा आणि उंची जेवणावर चढता असावा. कंपन्यांच्या मेजवान्यांचा खर्च नफ्यातून वजा करू देऊ नये. किती कामगार आहेत हे न पाहता शिजविलेले अन्न विकणाऱ्या, मजुरी देऊन माणसे ठेवणाऱ्या प्रत्येक आस्थापनेची नोंदणी सक्तीची करावी. नेमणूकपत्र, साप्ताहिक सुटी, कामाच्या जागेपासून वेगळा सुरक्षित निवारा आणि आगीपासून संरक्षण या अटींवाचून परवाना देऊ नये. सेवेचा मोबदला वेतनात समाविष्ट करावा. शिवभोजन केंद्रांची बिले वेळेवर द्यावीत, आणि बाजार समित्या, सरकारी रुग्णालये, बसस्थानके येथे 'कष्टाची भाकर'च्या धर्तीवर सहकारी भोजनगृहे उभारावीत. यासाठी लागणारा पैसा पहिल्या दोन मागण्यांतूनच येऊ शकतो; म्हणून या मागण्या सुट्या मांडू नयेत, एकत्र मांडाव्यात.

यांतील काही गोष्टी दिल्लीत ठरतील. परंतु सुरुवात दिल्लीत होणार नाही. खेड-शिवापूरपासून कापूरहोळपर्यंतच्या महामार्गावर किती हॉटेले आहेत, त्यांत किती माणसे राबतात, किती तास राबतात, त्यांना काय मिळते आणि ती कोठे झोपतात, याची नोंद आज कोणाही सरकारी दप्तरात एकत्र सापडणार नाही. ती पक्षाच्या कार्यकर्त्यांनी गोळा करावी. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेलात कामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. ती येथे पाळली जाते काय, हेही पाहावे. शिवरे, वरवे, नसरापूरच्या ग्रामसभांत हा विषय घ्यावा: गावचे पाणी किती उपसले जाते, सांडपाणी कोणत्या ओढ्यात सोडले जाते, गावातील बचतगटांचा तांदूळ व भाजी या हॉटेलांनी का घेऊ नये, आणि घेतली तर कोणत्या भावाने. वाढप्यांची व आचाऱ्यांची संघटना बांधणे कठीण आहे, कारण ते विखुरलेले आहेत आणि आज येथे तर उद्या तेथे असतात. हमालही विखुरलेलेच होते. त्यांची पंचायत उभी राहिली, कारण कोणीतरी त्यांच्यामध्ये जाऊन बसले, त्यांच्याबरोबर जेवले.

पंगतीतील शेवटच्या पानावर काय वाढले जाते, यावरून यजमानाची पारख करावी, ही या मातीची जुनी रीत आहे. महाराष्ट्र नावाच्या यजमानाची पारखही त्याच रीतीने व्हावयाची आहे. शेवटचे पान आज शिवऱ्याच्या महामार्गावरील एखाद्या हॉटेलच्या मागच्या दाराशी, रात्री एक वाजता, उरलेल्या भातावर मांडलेले आहे. समाजवादी कार्यकर्त्याची जागा त्या पानाशेजारी आहे.